क्रिकेटचा गेम खरा केला की बोअर होतो, सोपा केला की खोटा वाटतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गेम बनवताय आणि मित्र एकदा म्हणतात फार अवघड आहे, एकदा म्हणतात प्रत्येक बॉलला सिक्स जातोय. मी लहानपणापासून क्रिकेटचे गेम खेळतोय त्यामुळे खेळणाऱ्याच्या बाजूने सांगतो, सगळंच अर्धं खरं अर्धं सोपं करायला जाऊ नका. बोटांचं काम सोपं ठेवा, पण डोक्याचं काम पूर्ण खरं ठेवा.

बघा, १४० च्या स्पीडचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात बॅट्समनपर्यंत पोचतो. खरा बॅट्समन बोलरचं मनगट, हात बघून आधीच अंदाज बांधतो, आपल्यासमोर सपाट स्क्रीन आणि वर टीव्हीचा लॅग, म्हणजे चित्र जरा उशिरा दिसतं. म्हणून बॉलचा टप्पा थोडा आधी सुचवला तर ती चीटिंग नाही, स्क्रीनमुळे जे दिसत नाही तेच तुम्ही परत देताय. रेसिंग गेममध्ये रस्त्यावर दाखवलेली लाईन ब्रेक मारायच्या जागी लाल होते ती पण याचसाठी, खुर्चीत बसून गाडीचा झटका अंगाला जाणवत नाही ना.

पण किती द्यायचं ते महत्त्वाचं. ईए कंपनीचा क्रिकेट ०७ हा गेम लोकांनी नवीन टीम, जर्सीचे पॅच टाकून वर्षानुवर्षं खेळला, मजा होतीच त्यात. पण टप्पा आधीच दिसायचा आणि उचलून मारायचं टायमिंग एकदा बसलं की बोलर कोण आहे याने फरकच पडायचा नाही. २०१४ ला डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ हा गेम आला, त्यात टप्पा दाखवणारा तो मार्कर काढला, पाय कंट्रोलरच्या एका स्टिकवर आणि शॉट दुसऱ्या स्टिकवर. सुरुवातीला विकेटा धडाधड पडायच्या, पण ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडण्यात पण मजा असते हे मला त्या गेममध्ये कळलं. तुमच्या गेममध्ये बॉल सोडायचा फायदा मिळतो का? बोलर दमला पाहिजे, बॉल जुना झाला पाहिजे, मग रन सोपे झाले पाहिजेत.

वेळेचं गणित मात्र क्रिकेटला वेगळंच आहे. फुटबॉलच्या गेममध्ये घड्याळ जोरात पळवून १२ मिनिटांत ९० मिनिटांची मॅच होते. टेस्टमध्ये ५ दिवस, रोज ९० ओव्हर म्हणजे २७०० बॉल, एकाला २० सेकंद धरले तरी १५ तास, आणि बॉल कमी केले तर ती टेस्टच राहत नाही, सगळे पहिल्या बॉलपासून झोडायला लागतात. यावर मला पटलेला उपाय करिअर मोडचा, तुमच्या एकाच प्लेअरची बॅटिंग बोलिंग खेळा, बाकीची मॅच कॉम्प्युटर पुढे नेतो. एकही बॉल खोटा होत नाही आणि जेवणाआधी इनिंग संपते.

आणि हार्ड लेव्हलला प्लीज नशीब वाढवू नका. टायमिंग परफेक्ट दाखवायचं आणि तरी कॅच द्यायचा, याने माणूस गेम अनइन्स्टॉल करतो. आउट का झालो ते रिप्लेमध्ये दिसू दे, बॉल किती वळला, पाय कुठे राहिला.

बोलिंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये, ते कसं ठेवलंय ते कमेंटमध्ये सांगा, बहुतेक गेम तिथेच मार खातात.