टर्बो ड्रॅग कार आणि डायनो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : त्याच गाडीने, त्याच बूस्टवर (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेच्या जादा दाबावर) एका डायनोवर ४६० हॉर्सपॉवर दाखवली, दुसऱ्यावर ४२५. खरा आकडा कोणता?

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, आणि हे दोन्ही बहुधा वेगळ्या जातीचे असणार. इनर्शिया डायनोत चाकं जड ड्रम फिरवतात आणि तो किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून ताकद काढली जाते. लोड डायनो चाकांना विरोध करून टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोजतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप, जागा व्हायला इंजिनावर भार लागतो. हलक्या ड्रमवर बूस्ट उशिरा येतो आणि आलेखच बदलतो. त्यामुळे आकड्याच्या मागे लागू नका. एकच डायनो, तोच गिअर आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आलेख ताडून बघा.

प्रश्न : नॉक ऐकू येईपर्यंत टायमिंग वाढवायचं आणि मग दोन अंश मागे घ्यायचं, असं मित्र सांगतो. बरोबर आहे का?

मुळीच नाही. नॉक म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटणं, आणि टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. मोठ्या बूस्टवर मोजके जोरदार नॉकही पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधला पातळ भाग) फोडू शकतात, आणि उघड्या एक्झॉस्टच्या गोंगाटात ते कानाला कळत नाहीत. सुरुवात कमी बूस्टवर आणि मुद्दाम मागे ठेवलेल्या टायमिंगवर करा. आधी मिश्रण जुळवा : पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला एअर-फ्युएल रेशो (हवा आणि इंधनाचं प्रमाण) ११.५ च्या आसपास, म्हणजे लॅम्डा (आदर्श प्रमाण १ धरून तेच माप) साधारण ०.७८. मग एकेक अंश वाढवत टॉर्क बघा. वाढ थांबली की थांबा, पुढचा अंश फक्त सिलिंडरमधला दाब वाढवतो. पेट्रोलवर बहुधा त्याआधीच नॉक गाठतो, म्हणून नॉक सेन्सरचा लॉग (नोंद) प्रत्येक पुलनंतर, म्हणजे डायनोवरच्या पूर्ण थ्रॉटलच्या धावेनंतर, वाचायचाच.

ई-८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) मोकळीक जास्त मिळते, कारण इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं. पण इंधन साधारण तीस टक्के जास्त लागतं. इंजेक्टरची ड्यूटी (तो उघडा राहण्याच्या वेळेचं प्रमाण) ८५ टक्क्यांपुढे गेली तर मोठे इंजेक्टर घ्या. बूस्ट १.५ बार असेल तर इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या रेलमधला इंधनदाबही मूळ दाबापेक्षा १.५ बारने वाढलेला दिसला पाहिजे. पंप कमी पडला की नेमक्या वरच्या आरपीएमला, सगळ्यात वाईट जागी, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. इंधनदाबाचा लॉग नसलेल्या गाडीवर मी बूस्ट वाढवू देत नाही.

प्रश्न : फोर्ज्ड पिस्टन बसवतोय. रिंग गॅप मूळ इंजिनाइतकाच ठेवू का?

नको. रिंग गॅप म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. बूस्टच्या उष्णतेने रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन फुटतो. पिस्टनसोबत आलेल्या तक्त्यातला टर्बोसाठीचा गॅप घ्या. किंचित जास्त झाला तर थोडा ब्लो-बाय (रिंगजवळून खाली निसटणारा वायू) वाढेल, एवढंच.

प्रश्न : डायनोवर ४० हॉर्सपॉवर वाढली, पण क्वार्टर माइलची वेळ तीच. असं का?

टाइमस्लिपवर (धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर) शेवटचा वेग बघा. क्वार्टर माइलच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, टोकाला तो वाढला असेल तर ताकद खरीच आली आहे, पण ती सुरुवातीला टायरच्या धुरात जाते आहे. पहिल्या ६० फुटांत गमावलेला दशांश सेकंद शेवटपर्यंत वाढतच जातो. आधी टायरमधली हवा आणि सस्पेन्शन बघा. मग पहिल्या गिअरमधला बूस्ट उतरवा आणि टू-स्टेपचा (सुटण्यापूर्वी आरपीएम अडवून धरणाऱ्या यंत्रणेचा) आरपीएम थोडा खाली आणा. हे बदल एका वेळी एकच, आणि दर वेळी ६० फुटांची वेळ लिहून ठेवा. ती सुधारेपर्यंत डायनोवर परत जाऊ नका.