गोचीड कोणत्या जातीचा, हे कसे ओळखावे?

प्रश्न : गाईच्या कासेजवळ हरभऱ्याएवढे राखाडी आणि तिळाएवढे तपकिरी असे दोन तऱ्हेचे गोचीड सापडले. या दोन जाती आहेत का? माकडताप पसरवणारा गोचीड यांत असेल का?
— एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : रंग आणि आकारावरून ठरवू नका. राखाडी, टम्म दिसते ती रक्त प्यालेली मादी. तपकिरी बारका तिच्याच जातीचा नर असू शकतो. नराची पूर्ण पाठ कडक ढालीखाली असते, मादीची ढाल तोंडामागे थोडीशीच, म्हणून ती एवढी फुगते. फुगल्यावर पाठीच्या मागच्या कडेच्या खाचा ताणून पुसट होतात. तेव्हा तपासायला नर किंवा उपाशी मादीच घ्या.

ओल्या मऊ ब्रशने माती काढा आणि दहापट भिंगाखाली आधी तोंड पाहा. चोचीचा तळ षटकोनी आणि शेजारचे पाल्प (तोंडालगतचे स्पर्शक) आखूड असतील तर ऱ्हिपिसेफॅलस हा गण, म्हणजे जवळच्या जातींचा गट. त्यातही मागच्या कडेला खाचा नसतील तर गुरांवरचा नेहमीचा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तो बूफिलस नावाने सापडेल. चोच लांब, डोळे ठळक फुगीर आणि ढाल बिननक्षीची, तर हायलोमा. डोळे अजिबात नाहीत, पाल्प आखूड आणि बाहेरच्या बाजूला टोकदार, चोचीचा तळ आयताकृती, तर हीमाफायसॅलिस.

माकडतापाचा मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा याच शेवटच्या गटातला. त्याचे प्रौढ गुरांवर सापडतात. माणसाला चावतात ती बहुधा आठ पायांची, पण जननछिद्र नसलेली पिल्ले. सहा पाय असतील तर ती त्याआधीची अवस्था. भिंगाने गण कळेल, नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावी. आणि जात कळली तरी तिच्यात माकडतापाचा विषाणू आहे की नाही, हे प्रयोगशाळाच सांगेल. जंगलात जाऊन आल्यावर ताप आला तर गोचीड ओळखत बसू नका, थेट आरोग्य केंद्र गाठा.

नमुना बिघडतो तो बहुतेकदा काढतानाच. बोटांनी ओढला की चोच कातडीत राहते आणि ओळखीची मुख्य खूणच जाते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. नुसत्या हाताने चिरडू नका. 70 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको, त्याने डीएनए तपासणी अवघड होते. एका जनावराचे गोचीड एका बाटलीत. तारीख, गाव, जनावर, शरीराचा भाग हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती बाटलीतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

प्रश्न : खुराड्याच्या फटीत चपटे किडे आहेत, वरून तोंडच दिसत नाही. हे गोचीडच का?

उत्तर : हो, बहुधा मऊ गोचीड, अर्गस. यांना ढाल नसते आणि तोंड खालच्या बाजूला असते. ते रात्री रक्त पितात व दिवसा फटीत लपतात, म्हणून कोंबडी तपासून बहुधा हाती फारसे काही लागत नाही. फटी तपासा.