क्रूझवर जाताना मासे धरायचा गळ सोबत न्यावा का?

तुम्ही विचारलंय की भुसावळहून तुम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा डिसेंबरात मुंबई-गोवा क्रूझवर निघालात, कुणीच कधी गळ हातात धरलेला नाही आणि पोराला मासा धरायचाच आहे. जहाजावरून गळ टाकता येतो का, रॉड विकत घ्यावा का?

जहाजावरून नाही. मी यावल तालुक्यातला, तापीकाठी वाढलेलो. पहिल्यांदा क्रूझवर गेलो तेव्हा मलाही वाटलं होतं, खाली एवढं पाणी आहे तर कठड्यावरून दोरी सोडायला काय हरकत? पण डेक पाण्यापासून कित्येक मजले वर असतो आणि जहाज १५ ते २० नॉटनं, म्हणजे तासाला २८ ते ३७ किलोमीटर वेगानं चाललेलं असतं. गळ पाण्यापर्यंत पोचायच्या आधी वाऱ्यानं खालच्या बाल्कनीतल्या माणसाच्या अंगावर जाईल. म्हणूनच क्रूझवर याला परवानगी नसते. रॉड घेऊ नका, ते पैसे होडीसाठी ठेवा.

मासे धरायचे ते जहाज बंदराला लागल्यावर, छोट्या होडीतून. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं, झुआरी नदीच्या मुखाशी. खोल समुद्रात दिवसभर नेणारी सहल नको. दोन-तीन तासांची, किनाऱ्याजवळ हातदोरीनं मासे धरायची सहल घ्या. नवख्याला हातदोरीच बरी, कारण माशाची टोच थेट बोटाला कळते. पोराला तोच आनंद द्यायचाय ना? जहाज सुटायच्या किमान दोन तास आधी बंदरात परत या. आपण बाहेरून ठरवलेल्या होडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी नदीकाठच्या माणसाला कुणी सांगत नाही. तापीचं पाणी एकाच दिशेनं जातं. समुद्राचं पाणी दर सहा-सव्वासहा तासांनी उलटतं. भरती किंवा ओहोटी चालू असते, पाणी हलत असतं, तेव्हा मासा चरायला निघतो. पाणी थांबलं की तोही सुस्तावतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल दुसऱ्याला कुठल्या वेळी मासे लागले याला अर्थ नाही. होडीवाल्या दादांना एवढंच विचारा, “आज पाणी कधी फिरतंय?” उत्तर लगेच आलं तर माणूस जाणता आहे.

दोरी म्हणजे तंगूस, नायलॉनची बारीक दोरी, टोकाला शिसं, त्याच्या वर एक-दोन गळ, आमिष कोळंबीचा नाहीतर माकुलाचा (स्क्विडचा) तुकडा. शिसं तळाला टेकेपर्यंत सोडायचं, मग हातभर वर उचलायचं. दोरी तर्जनीवरून जाऊ द्या, हाताला गुंडाळू मात्र अजिबात नका. मी गुंडाळली होती. शिंगाळा नावाच्या काटेरी माशानं एक हिसका दिला आणि तंगूस बोटात हाडापर्यंत रुतली. लहानपणी तापीवर भोई काकांनी शिकवलेलं एक वाक्य समुद्रातही तंतोतंत चाललं: “दोरी हालनी का लगेच वढू नको, जरा दम धर.” पहिली टोच चाचपणी असते. दुसऱ्या टोचेला दोरी जड झाली की मनगटानं एक झटका द्यायचा आणि ढील न देता ओढत राहायचं.

तांबोशी किंवा हेकरू लागला तर पोरगं नाचेल, लहानशी मुडदुशी लागली तरी नाचेल. पण मासा वर आल्यावर हात त्याचा नको, होडीवाल्याचा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. काटा लागला तर ती जागा सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टरला दाखवा. फुगून गोल होणारा केंड आला तर त्याला हातही लावू नका. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

सकाळी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दशमी-चटणी चालेल, जहाजावरचा तळकट नाश्ता नको. मळमळीची गोळी होडीत बसायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. मुलाचा डोस निघण्याआधी भुसावळलाच डॉक्टरांना विचारा. लाइफ जॅकेट त्याच्या मापाचं मिळालं नाही तर होडीत पाऊल टाकू नका, आगाऊ दिलेले पैसे गेले तरी चालतील.

डिसेंबर निवडलात हे उत्तम केलंत. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात समुद्र नवख्याला बसू देत नाही.

निघण्याआधीचे दोन रविवार मात्र हतनूर धरणाकडे काढा. जलाशयातला मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, म्हणून काठावरच्या भोई दादांना आधी विचारा. बांबूची काठी, तंगूस, बारीक गळ, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि कणकेची गोळी, एवढ्यात चिलापी लागते. धांडा बुडाला की पोराला लगेच ओढू देऊ नका.

आणि गोव्यात धरलेला मासा जहाजावर नेता येणार नाही, कच्चा मासा आत घेत नाहीत. वेळ असेल तर किनाऱ्यावरच्या खाणावळीत तळून मागा, नसेल तर होडीवाल्या दादांच्या घरी जाऊ द्या. मासा हातभरापेक्षा लहान असेल तर गळ हळूच सोडवून पोराच्याच हातानं, होडीवाला धरून असताना, पाण्यात सोडायला लावा. माझ्या पुतण्यानं तसं केलं होतं, आणि घरी आल्यावर त्यानं आजीला सगळ्यात आधी त्याच माशाचं सांगितलं.