हातमोजे धुऊन पुन्हा वापरावेत का?

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांचं सगळं करते. अठरा जण आहेत, सात जणांना डायपर लागतो. हातमोज्यांची दिवसाला एकच जोडी भेटते. ती धुऊन, सॅनिटायझर लावून दिवसभर वापरली तर चालते का? आता दोन आजींना खरूज झाली, म्हणून भीती वाटून राहिली.
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर: नाही ताई, चालत नाही. हे मोजे एका माणसाच्या एका कामापुरतेच असतात. धुऊन आणि सॅनिटायझर चोळून ते कमजोर होतात, न दिसणारी छिद्रं पडतात. एका आजीचा डायपर बदलला आणि त्याच मोज्यानं शेजारच्या आजोबांच्या लघवीच्या पिशवीची तोटी उघडली, की शौचातले जंतू थेट तिथे पोचले. शिवाय मोजा घातला की हात स्वच्छच आहे असं वाटतं, आणि तो कॉटच्या कठड्याला, पाण्याच्या ग्लासाला, कपाळावरच्या घामाला लागत राहतो. मे महिन्यात आपल्याकडे घाम पुसल्यावाचून काम होतं का? अशा मोज्यापेक्षा नीट धुतलेला उघडा हात कितीतरी बरा.

म्हणून मोजे शी-शू, जखम, रक्त, उलटी आणि खरुजेची माणसं यांच्यासाठी राखा. इतरांना भरवायला, वेणी घालायला, बीपी बघायला मोजे नकोत. रबराचा हात लागला की म्हातारं माणूस अंग चोरून घेतं, हे मी वॉर्डात खूप पाहिलंय.

मोजा काढताना मनगटाजवळ बाहेरून धरून उलटा ओढा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवा. मग मोकळं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा करा, पहिला त्यातच गुंडाळला जाईल. त्यानंतरही हात धुवायचेच, साबणानं ४० ते ६० सेकंद. कुणाला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नका. पाणी टंचाईचं असलं तरी सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात बुडवू नका. तोटी बसवलेली बादली ठेवा.

खरुजेचं मात्र दोघींपुरतं बघून भागणार नाही. डॉक्टरांना आश्रमात बोलवा. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम साधारणपणे सगळ्यांना, तुम्हालाही, एकाच दिवशी लावतात. बोटांच्या बेचक्यात आणि नखांखालीही. सात दिवसांनी पुन्हा. खाज नसलेला एक जण सुटला तरी खरूज परत फिरते. त्याच दिवशी चादरी, लुगडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता न येणारी गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा.

संस्थाचालकांना हे उत्तर दाखवा. शंभर मोज्यांच्या खोक्यात पन्नास जोड्या येतात. सात जणांचे डायपर दिवसातून तीनदा बदलले तरी एकवीस जोड्या लागतात, एक नव्हे. हा हिशोब कागदावर लिहून द्या, आणि साबण कधीही संपू देऊ नका.