शिरोळचा विषय घेऊन अमेरिकेला जायचं म्हणतेस?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पीएसएममध्ये (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्रात) एमडी झालं, कोल्हापुरातच मेडिकल कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर आहेस. महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या बीपी-शुगरच्या पेशंटांच्या गोळ्या किती दिवस बंद पडतात, यावर काम करायचंय. तर राजीनामा देऊन अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडी-एमडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) धरावं आणि तिथून ‘के अवॉर्ड’ मिळवावा का?

एवढ्यात राजीनामा देऊ नकोस. कारण सांगते.

के अवॉर्ड म्हणजे एनआयएचचा, अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचा, नवख्या संशोधकांसाठीचा निधी. काही वर्षं पगार, थोडा संशोधनाचा खर्च. अट ही की अनुभवी मेंटॉरच्या हाताखाली शिकायचं आणि कामाचा किमान ७५ टक्के वेळ त्यालाच द्यायचा. पब्लिक हेल्थवाल्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त असतो तो के-०१. पण के-०१ काय, के-०८ काय, के-२३ काय, हातात पडायच्या वेळी अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड (कायमचं राहण्याचा परवाना) असावं लागतं. जे-१ (एक्सचेंजचा) किंवा एच-१बी (नोकरीचा) व्हिसा असेल तर मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग तुला माहीतच आहे. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात दहा वर्षंसुद्धा पुरत नाहीत. व्हिसावर चालतो तो के-९९/आर-००. आधी एक-दोन वर्षं मेंटॉरच्या हाताखाली, मग स्वतःची फॅकल्टीची (प्राध्यापकाची) जागा मिळाली तर तीन वर्षांपर्यंत वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत. त्यासाठी पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांहून जास्त नको, म्हणजे तिथं पाऊल ठेवलंस की घड्याळ सुरू.

आता तुझ्या कामाचं. एनआयएचच्याच फोगार्टी इंटरनॅशनल सेंटरचा के-४३ हा अवॉर्ड कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तरुण संशोधकांसाठीच आहे, तीन ते पाच वर्षांचा. त्याला अर्जदार त्या देशातल्या संस्थेत कामाला असावा लागतो. तू जी नोकरी सोडायला निघाली आहेस, तीच तुझी पात्रता! शिवाय तुझे पेशंट शिरोळात, पूर पंचगंगेला आणि कृष्णेला. बोस्टनमध्ये बसून ६०-६२ हजार डॉलरच्या पोस्टडॉकमध्ये घरभाडं भागवत तू शिरोळचा डेटा कसा गोळा करणार?

अर्ज मागवणारी सूचना चालू आहे का, हे मात्र आधी एनआयएचच्या साइटवर बघ. २०२५ पासून तिकडं बरीच उलथापालथ आहे. मे २०२५ मध्ये त्यांनी अमेरिकी संस्थेमार्फत परदेशी संस्थेला पैसे पोचवण्याची जुनी पद्धत थांबवली, म्हणून एकाच दारावर विसंबू नकोस. दुसरं दार आपल्याच देशात आहे: २००८ पासून चालू असलेली केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनमधली निधी देणारी संस्था वेलकम यांची इंडिया अलायन्स. क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थसाठी त्यांची वेगळी फेलोशिप आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १५०० कोटींच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. (वेलकमच्या स्वतःच्या अर्ली-करिअर अवॉर्डमधून भारतातल्या संस्था वगळलेल्या आहेत, तिकडं वेळ घालवू नकोस.)

आता मेंटॉर. इथंच अर्ज तरतो किंवा बुडतो. ‘डॉक्टर हुशार, कष्टाळू आणि नम्र आहेत’ हे शिफारसपत्र आपल्याकडं चालून जातं. तिकडचा रिव्ह्यूअर वेगळं शोधतो: दर मंगळवारी तासभर भेट, पहिल्या वर्षी कॉझल इन्फरन्सचा (कशामुळं काय झालं हे आकड्यांतून ठरवण्याचा) कोर्स, दुसऱ्या वर्षी पुराआधीच्या आणि नंतरच्या औषधवाटपाच्या नोंदींवर पहिला पेपर, मेंटॉरकडं स्वतःचा निधी किती वर्षांचा शिल्लक आहे आणि त्यांचे आधीचे शिष्य आज कुठं आहेत. तुझ्या भागातही तेच. आपल्याला सगळं येतं असं लिहायची आपली सवय. इथं काय येत नाही ते नेमकं लिहायचं असतं, कारण पैसे त्या शिकण्यासाठीच आहेत. ‘सर्वेक्षणं केली आहेत, पण गावागावांत विभागलेल्या डेटाचं मल्टिलेव्हल (माणूस आणि गाव अशा दोन्ही पातळ्यांवरचं) विश्लेषण येत नाही’ असं. गुण १ ते ९. १ म्हणजे उत्तम, नऊ बघून हुरळू नकोस.

मेंटॉर शोधायला एनआयएच रिपोर्टर ही निधी मिळालेल्या प्रकल्पांची साइट उघड, पूर आणि हायपरटेन्शन टाकून बघ. मेल सहा-सात ओळींचा, ‘रिस्पेक्टेड सर’ नको, सोबत एक पान आराखडा.

७५ टक्के वेळेचं मी सगळ्यात जास्त धरून बसते. लेक्चर्स, आरएचटीसीची (ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राची) पोस्टिंग, फॅमिली अ‍ॅडॉप्शनची (गावातली कुटुंबं दत्तक घेणारी) एमबीबीएसची मुलं, एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) बायोमेट्रिक हजेरी, इन्स्पेक्शन आलं की रात्रभर फायली. यातून आठवड्याचे चार दिवस सोडवून देतो, असं डीननी सहीनिशी लिहून दिलं पाहिजे. तोंडी ‘करा हो मॅडम, आमचा पाठिंबा आहे’ याला काडीची किंमत नाही. दुसरं, परदेशी पैसा घ्यायला कॉलेजकडं एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे की सूट आहे, ते अकाउंट्सला विचार. एनआयएचला अर्ज करायला कॉलेजला लागणाऱ्या सॅम, यूईआय, ईआरए कॉमन्स या अमेरिकी नोंदण्यांना आठवडे जातात. वर आयसीएमआरकडची एचएमएससीची मंजुरी, म्हणजे परदेशी सहकार्याचे प्रकल्प तपासणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या समितीची.

एवढं करूनही जायचंच असेल तर अवश्य जा, पण रजा घेऊन. फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल ही फेलोशिप हा चांगला मार्ग, पीएचडी झाली की. त्यात जे-१ व्हिसाला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट चिकटते. ज्या देशांच्या लोकांना ही अट त्यांच्या विषयामुळं लागते त्या ‘स्किल्स लिस्ट’मधून डिसेंबर २०२४ मध्ये भारत निघाला, तरी फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर आलेल्यांना ती सुटलेली नाही. तुझ्या बाबतीत ती अडचण नाहीच म्हणा. परत येऊन तुला शिरोळातच तर काम करायचंय.

डीनना भेटलीस की काय म्हणाले ते कळव. एक पानी आराखडा माझ्याकडं पाठव, २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाण्यात गेलेली कुठली गावं घेणार त्यांच्या नावांसकट.