कॅट, सीईटी आणि क्लास नसलेली तयारी

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मैत्रिणी पुण्याला क्लास लावून राहिल्यात, आमच्या घरून तेवढा खर्च जमणार नाही, आणि दुपारी बाबांच्या हळदीच्या अडतीवर हिशोबाला पण बसावं लागतं. आयआयएमसाठीची कॅट आणि राज्यातल्या कॉलेजांसाठीची एमबीए सीईटी, दोन्ही प्रवेश परीक्षांचा अभ्यास एकत्र होतो का? मॉक म्हणजे सराव पेपर देतेय, पण मार्क हलेनात.

उत्तर: अगं, अभ्यास एकत्र होतो, पेपर मात्र वेगवेगळ्या पद्धतीनं सोडवायचे, आणि माझ्या मते तुझे मार्क इथंच अडकलेत. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅटला १२० मिनिटं, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं आणि एकदा वेळ संपली की मागं जाता येत नाही. २०२४ ला तिथं फक्त ६८ प्रश्न होते. बरोबरला ३, चुकलं की १ वजा. चार पर्यायांतला एक डोळे झाकून टिचकवला तर सरासरी हिशोब शून्यच येतो, पण एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर उरलेल्या तिनातला अंदाज फायद्याचा ठरतो. जिथं उत्तर स्वतः टाइप करायचं असतं तिथं निगेटिव्ह नाही, तिथं काहीतरी लिहूनच ये.

आता मॉकचं. टेस्ट संपली की स्कोअर बघून लगेच दुसरी लावू नकोस गं, चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता परत सोडव. सुटले तर तुझं गणित पक्कं आहे, प्रश्न निवडायला चुकतेस. नाही सुटले तर तो टॉपिकच कच्चा आहे, पुस्तक उघड. कॅटच्या लॉजिकच्या सेक्शनला पहिली पाच मिनिटं सगळे सेट, म्हणजे एकाच माहितीवरचे प्रश्नांचे गट, नुसते वाच, मग सोपे दोन-तीनच धर. हे सुचायला क्लास लागत नाही, वही लागते.

अडतीवरचा वेळ वाया जातोय असं मुळीच समजू नकोस. भाव २५ टक्के चढला तर तेवढ्याच पैशात माल एक पंचमांश कमी येतो, हे तू रोज बघतेस, आणि असेच प्रश्न पेपरात येतात! टक्के अपूर्णांकात पाठ कर, साडेबारा म्हणजे एक अष्टमांश, १४.२८ म्हणजे एक सप्तमांश, आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून तोंडी कर. (कॅटला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो माउसनं दाबत बसलं की वेळ जातो.)

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको. रोज एक लेख वाच आणि प्रत्येक परिच्छेदात काय म्हटलंय ते मराठीत एका ओळीत लिही. अर्थ निसटतो तो बहुतेक वेळा शब्दापायी नाही, लेखकाचं म्हणणं कुठं वळलं ते लक्षात न आल्यामुळं.

एक महत्त्वाचं, आरक्षणातून अर्ज करणार असशील तर कागद आत्ताच काढ. कॅटसाठी ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा नॉन क्रीमीलेअर तिथं चालत नाही, आणि सेतूवर ऐनवेळी गर्दी असते. सीईटीनंतरच्या कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीला, राज्याचे कागद लागतील. मुंबईचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम ही एमबीएची कॉलेजं मनात असतील तर सीईटी जीव लावून दे, तिला दुय्यम समजू नको.

प्रश्न: साताऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्टला आहे, इंजिनिअर. नोकरी सोडून तयारी करू का?

उत्तर: नका सोडू. बऱ्याच आयआयएम शॉर्टलिस्ट करताना कामाच्या अनुभवाला मार्क देतात. कॅटचा पेपर नोव्हेंबरातल्या एका रविवारी असतो, म्हणून पूर्ण मॉक रविवारीच द्या, आणि फॉर्म साधारण ऑगस्टला सुरू होतो तेव्हाच सुपरवायझरशी बोलून पेपरच्या आठवड्यातली नाइट बदलून घ्या.