तू स्लो वाचतोस असं तुला कोणी सांगितलं?

प्रिय मित्रा,

तुझी मेल मिळाली. एक पुस्तक संपवायला तुला महिना लागतो, तुझा रूममेट वर्षाला शंभर पुस्तकं वाचतो, आणि आता तू विचारतोयस की स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का. नको लावूस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल, कारण मला या विषयाबद्दल खरंच खूप वाटतं आणि वाचायला नुकतीच गोडी लागलेली मुलं या एका आकड्यापायी वाचन सोडून देताना मी बघितली आहेत.

पहिल्यांदा ते शंभरचं गणित करूया. मार्क ब्रिसबार्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा असं दिसलं की मोठी माणसं इंग्रजीत मनातल्या मनात वाचतात तेव्हा माहितीपर लेखन सरासरी मिनिटाला २३८ शब्दांनी वाचतात आणि कथा-कादंबरी २६० शब्दांनी, मोठ्याने वाचलं तर १८३. आणि माहितीपर लेखनात बहुतेक सगळे १७५ ते ३०० च्या मधेच कुठेतरी असतात. म्हणजे बघ, त्या पट्ट्यातला सगळ्यात सावकाश वाचणारा आणि सगळ्यात भरभर वाचणारा यांच्यात दुपटीचासुद्धा फरक नाही! आता ७५ हजार शब्दांचं एक पुस्तक घे, सरासरी वेगाने त्याला सव्वापाच तास लागतात, अशी शंभर पुस्तकं म्हणजे सव्वापाचशे तास, म्हणजे रोज साधारण दीड तास. तुझा रूममेट रोज दीड तास वाचत असणार, एवढंच. रोज अर्धा तास वाचणाऱ्याची त्याच वेगाने वर्षाला पस्तीसच्या आसपास पुस्तकं होतात. फरक आहे तो तासांचा आहे, डोळ्यांच्या वेगाचा फार थोडा आहे, आणि तास वाढवणं तुझ्या हातात आहे, त्यासाठी कोर्स लागत नाही.

हे आकडे इंग्रजीचे आहेत हेही लक्षात ठेव. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत तीन-चार शब्दांत जे सांगतात ते आपल्या एका शब्दात बसतं आणि मिनिटाला शब्द मोजले की मराठी वाचणारा उगीचच स्लो दिसतो. फिनिश भाषेचंही असंच होतं, शब्द लांबलचक, म्हणून आकडा कमी येतो, अर्थ मात्र तेवढाच पोचलेला असतो. तू मोबाईलवर टायमर लावून मराठी कादंबरीवर स्वतःची टेस्ट घेतलीस आणि इंग्रजी चार्टशी ताडून घाबरलास, त्यात हाच घोळ आहे.

आता कोर्सबद्दल. १९५९ मध्ये अमेरिकेत इव्हलिन वुड यांनी असा क्लास सुरू केला, तेव्हापासून मिनिटाला हजार-दोन हजार शब्दांची आश्वासनं चालूच आहेत, हल्ली ॲपमधून. पण डोळा कसा चालतो ते समजून घेतलंस की यात कुठे पाणी मुरतंय ते तुझं तुलाच कळेल. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरकत जाते, ती सरकत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग सात-आठ अक्षरं पुढे उडी, परत थांबा. वाचणं जे होतं ते थांब्यावर होतं, उडीत काही दिसत नाही. आणि थांब्यावरसुद्धा स्पष्ट दिसतो तो नजरेचा अगदी मधला छोटासा भाग, इंग्रजी वाचताना डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं एवढ्यावरूनच उपयोगाचं काही हाती लागतं. अख्खी ओळ किंवा अख्खं पान एका नजरेत टिपायचं म्हणतात ते डोळ्याच्या रचनेतच बसत नाही रे.

आणि समजा डोळ्याची अडचण सोडवली, तशी ॲप आहेतच, स्क्रीनवर एकाच जागी एकेक शब्द झपाझप दाखवतात, उडीचा वेळ वाचतो. पण खरा वेळ डोळ्याला लागतच नव्हता, तो लागतो शब्द ओळखायला आणि वाक्याचा अर्थ जुळवायला. वाचताना आपल्या दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात, काहीतरी निसटलं म्हणून आपण परत बघतो, आणि कोर्सवाले याला वाईट सवय म्हणतात. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, वाचणाऱ्याला मागे वळून बघताच येऊ नये अशी सोय केली, तर लोकांना समजलेलं कमी झालं. तेच मनातल्या आवाजाचं, म्हणजे वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारतो त्याचं, तो बंद करा म्हणतात, पण अवघड मजकूर समजायला तो आवाज मदत करतो. या दोन सवयी अजिबात मोडू नकोस, त्या तुझ्या बाजूने काम करतायत.

मग वेग ठरतो कशाने? माझं मत स्पष्ट आहे, आणि या पत्रातलं एवढंच नीट लक्षात राहिलं तरी मला पुरे. वेग हा फक्त तुझा नसतो, तो तू आणि समोरचं पुस्तक या जोडीचा असतो. त्या विषयातलं तुला आधीपासून किती माहितीय, त्यावर तो सगळ्यात जास्त हलतो.

१९८८ चा एक अभ्यास मला फार आवडतो, डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला आणि मग काय काय घडलं ते छोट्या मॉडेलवर करून दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन शाळेच्या हिशोबाने कच्चं होतं पण बेसबॉल चांगलं माहीत होतं, त्यांनी वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांना मागे टाकलं. त्यांनी मोजलं होतं ते समजणं, वेग नाही, पण समजणं अडलं की वेग अडतोच, कारण मग आपण वाक्यावर परत परत येतो. आता तुझंच बघ, क्रिकेटवरचा मोठ्ठा लेख तू एका बैठकीत संपवतोस असं तूच लिहिलंयस, आणि त्याच मेलमध्ये अर्थशास्त्राच्या पुस्तकाची दहा पानं दोन दिवसांत होत नाहीत म्हणून रडतोयस. माणूस तोच आहे ना? डोळे तेच, मेंदू तोच. नेहमी भेटणारा शब्द आपण पटकन ओळखतो, क्वचित दिसणाऱ्या शब्दावर नजर जास्त थांबते, पुढे काय येणार याचा अंदाज असेल तर काही शब्द तर आपण न बघताच ओलांडतो, हे सगळं डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलेलं आहे. त्या पुस्तकात चलनवाढ, रोखे, वित्तीय तूट हे शब्द दर ओळीला येतायत, त्यातले निम्मे तुला नवीन, वाक्य पुढे कुठे जाणार याचा अंदाज नाही, तर तिथे सावकाश जाणं हेच बरोबर वाचन आहे. उलट तिथे तू भरभर गेला असतास तर मला काळजी वाटली असती.

म्हणून वेग वाढवायचा खरा रस्ता लांबून जातो. एकाच विषयावरची तीन पुस्तकं एकामागून एक वाच, आधी सगळ्यात सोपं, अगदी शाळेच्या मुलांसाठी लिहिलेलं असलं तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जाईल आणि तिसऱ्यात तर कितीतरी पानं ओळखीची निघतील. एकाच पुस्तकातसुद्धा हे होतं, पहिली पन्नास पानं जड जातात कारण माणसं नवी, नावं नवी, लेखकाची वाक्यं बांधायची पद्धत नवी, आणि नेमकं तिथेच लोक "आपल्याला नाही जमत" म्हणून बंद करतात. पहिल्या पन्नास पानांवरून स्वतःचा वेग ठरवू नकोस.

दुसरं कारण लक्ष. तू म्हणतोस तासाभरात बारा पानं झाली. त्या तासात फोन किती वेळा बघितलास? खरं सांग. एकदा नोटिफिकेशन बघून परत आलास की अर्धा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, धागा तुटलेला असतो, आणि मग हा सगळा वेळ आपण स्वतःच्या वाचण्याच्या नावावर टाकतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि पंचवीस मिनिटं वाचून बघ, मग बोल. झोप आलेली असताना, डोक्यात दुसरीच कटकट चालू असताना वेग उतरणारच, त्या दिवशी हलकं काहीतरी वाच किंवा वाचूच नकोस.

कागद की स्क्रीन हेही विचारलंयस. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त चांगला समजतो असं दिसलं, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा हा फरक आणखी वाढतो. नुसत्या गोष्टीत फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी खुशाल फोनवर वाच, अभ्यासाचं मात्र जमलं तर कागदावर. अक्षराचा आकार मात्र नीट बघ, एका मर्यादेपेक्षा बारीक अक्षर झालं की वेग धाडकन पडतो, मर्यादेच्या वर कितीही मोठं केलंस तरी फारसा फायदा नाही. आणि डोळे तपासून घे, चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि आपण स्वतःच्या बुद्धीला दोष देत बसतो. काही जणांना डिस्लेक्सिया असतो, लहानपणी कुणाच्या लक्षातच येत नाही, मोठेपणीही अक्षरं जुळवायला मेहनत पडते. तुझं लहानपणापासून असंच होत असेल तर तज्ज्ञाला दाखव, यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि ऑडिओबुक ऐकणं हेही वाचनच आहे, यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नकोस.

सगळं एकाच वेगाने वाचायचं हा हट्टही सोड. काही पुस्तकं चाळायचीच असतात, अनुक्रमणिका बघ, प्रकरणाची सुरुवात आणि शेवट बघ, तुझ्या कामाचं कुठे आहे ते शोध आणि फक्त तिथे थांब. चाळणं हे कौशल्य आहे, फक्त चाळलेल्याला वाचलं म्हणू नकोस. कविता, एखादा गुंतागुंतीचा युक्तिवाद, सही करायचा करार, गणिताची सिद्धता, इथे एकेका ओळीवर थांबावंच लागतं. आणि न आवडलेलं पुस्तक मधेच सोडायला पूर्ण परवानगी आहे, असं पुस्तक उराशी धरून बसण्यातच कितीतरी लोकांचे महिने जातात.

"वाचलेलं लक्षात राहत नाही" हे तू जाता जाता लिहिलंयस, पण मला ते वेगाच्या प्रश्नापेक्षा मोठं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी तेच परत वाचलं, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. तेव्हा प्रकरण संपलं की पुस्तक मिटव आणि चार-पाच वाक्यं लिही, चुकली तरी चालतील. यात दहा मिनिटं जातात, त्यामुळे पुस्तकांचा आकडा कमी होईल, होऊ दे.

आता ते अर्थशास्त्राचं पुस्तक. महिनाभर बाजूला ठेव, त्याच विषयावरचं एखादं पातळ, सोपं पुस्तक आण आणि ते वाचताना नवीन शब्दांची एक यादी करत जा, प्रत्येकापुढे तुझ्या भाषेत एक ओळ. मग मोठं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू कर, अडलास तिथून नाही. रोज सात-आठ पानं, फोन लांब. तिसरं प्रकरण झालं की मला लिही, आणि किती दिवस लागले ते लिहू नकोस, त्यात तुला न पटलेलं काय होतं ते लिही.

तुझी,
ताई